बिलासाठी दिलेला नंबर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याच्या सातव्या कलमाखाली एक छोटं उदाहरण छापलं आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, स्वतःहून आपला मोबाइल नंबर देते आणि पैसे भरल्याची पावती मेसेजने पाठवायला सांगते. दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. उदाहरण तिथेच संपतं. महिन्याभराने प्रोटीन पावडरवर सूट लागली की तेही याच नंबरवर कळवावं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. आपल्याकडचं मोबाइल मार्केटिंग बहुतेक वेळा नेमकं इथे घसरतं.

बिलासाठी मिळालेला नंबर म्हणजे जाहिरातीची परवानगी, ही समजूत आता सोडायला हवी. परवानगी आहे असं जो म्हणतो त्याने ती कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत मिळाली हे दाखवावं. तो मोठी बँक असो की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकांचं दुकान. छोट्यांना यातून सूट द्या, अशी मागणी व्यापाऱ्यांकडून होते. तिच्यामागची अडचण खरी आहे, मागणी मात्र चुकीची आहे. त्याकडे येऊच, पण आधी हा कारभार चालतो कसा ते पाहू.

काउंटरवर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. साडी निवडून झाली, पाठीमागे रांग आहे, आणि मुलगा मॉनिटरवरून नजर न काढता म्हणतो, "मॅडम, नंबर सांगा." कशासाठी, ते तो सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, एवढंच त्याला माहीत. नंबर द्यायला नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलावर तो दहा शून्यं टाकतो किंवा स्वतःचाच नंबर घालतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने किरकोळ विक्रेत्यांना कळवलं होतं, की बिल देण्यासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. तो रकाना अजूनही अनेक ठिकाणी सक्तीचाच आहे. आपल्या यादीत किती नंबर खरे आहेत हे जाणून घ्यायचं असेल, तर दुकानदाराने आधी त्यातली दहा शून्यं मोजावीत.

नियमांचा इतिहास थोडक्यात असा. नकोशा कॉलसाठी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये आली. २०१० चे नियम २०११ मध्ये पूर्णपणे लागू झाले. मग १९ जुलै २०१८ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सध्याचे नियम आणले आणि मेसेजची सगळी साखळी डीएलटी नावाच्या सामायिक नोंदवहीवर चढवली. ८ मार्च २०२१ रोजी ऑपरेटरांनी प्रत्येक मेसेजचा मजकूर नोंदलेल्या नमुन्याशी ताडून पाहायला सुरुवात केली आणि देशभर ओटीपी अडकले. बँकांचे व्यवहार खोळंबले, ट्रायला ही तपासणी सात दिवस थांबवावी लागली. कारण साधं होतं: मोठमोठ्या संस्थांनीही आपले मेसेज नोंदवलेच नव्हते, किंवा नोंदवलेला मजकूर आणि प्रत्यक्षात जाणारा मजकूर जुळत नव्हता.

आज एखाद्या दुकानाला रीतसर मेसेज पाठवायचा तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. कोणत्याही एका ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर पॅन आणि व्यवसायाची कागदपत्रं देऊन संस्था म्हणून नोंदणी करायची. एकोणीस आकडी ओळख क्रमांक मिळतो. मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं सहा जागांचं नाव. ते दुकानाच्या किंवा ब्रँडच्या नावाशी जुळलं पाहिजे, नाहीतर नामंजूर होतं. त्यानंतर संमती कोणत्या शब्दांत घेणार तो नमुना, आणि शेवटी प्रत्यक्ष मेसेजचा नमुना. मेसेज ज्या कंपनीमार्फत जाणार तिच्याशी आपली साखळी पोर्टलवर जोडावी लागते. डिसेंबर २०२४ पासून ही साखळी जुळली नाही तर मेसेज वाटेतच पडतो. मजकुरात लिंक असेल तर तीही आधी नोंदवलेली हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून अनोळखी लिंकचा मेसेज पुढे जात नाही. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी एक अक्षर लागतं. जाहिरातीला पी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, सरकारी मेसेजला जी. ग्राहकांनी हे अक्षर वाचायची सवय लावून घ्यावी. मेसेज न उघडताच तो कशासाठी आला ते कळतं.

यंत्रणा कडक दिसते, आणि आहेही. पण ती तपासते काय? हेडर नोंदलेला आहे का, मजकूर नमुन्याबरहुकूम आहे का, लिंक यादीत आहे का, नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिराती नको म्हणणाऱ्यांच्या नोंदवहीत, आहे का. थोडक्यात, मेसेजचा गणवेश. गिऱ्हाइकाने खरोखर हो म्हटलं होतं का, हे तिला काउंटरवर उभं राहून पाहता येत नाही. संमती असल्याचा दावा पाठवणाराच करतो, संमतीची वही त्याच्याचकडे असते आणि ऑपरेटरला तिची सत्यता तपासायची सोय नाही. ही उणीव ट्रायनेच २ जून २०२३ च्या आदेशात मांडली. त्यावर उपाय म्हणून डिजिटल संमतीची पद्धत सुचवली. १२७ ने सुरू होणाऱ्या शॉर्टकोडवरून, म्हणजे खास छोट्या क्रमांकावरून, ग्राहकाला विचारणा जायची, त्यात संमती कोणाला आणि कशासाठी हे स्पष्ट लिहायचं, आणि ग्राहकाचं उत्तर ऑपरेटरच्या नोंदवहीत जायचं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेला सोबत घेऊन निवडक बँकांपुरता याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर झाला.

दिशा योग्य आहे, पण एक गाठ आहे. अनोळखी क्रमांकाच्या मेसेजला उत्तर देऊ नका, असं आपणच गेली काही वर्षं लोकांना ओरडून सांगतो आहोत. आता १२७ वरून 'अमुक दुकानाला परवानगी द्यायची का' असा मेसेज आला, तर शहाणा माणूस तो पुसूनच टाकणार. म्हणून ही विचारणा गिऱ्हाइक समोर उभं असतानाच पाठवायला हवी. "आता एक मेसेज येईल, आमच्या नावाचा आहे, हवं असेल तरच हो करा." घरी गेल्यावर चार दिवसांनी पाठवलेल्या विचारणेची गत नको असलेल्या जाहिरातीसारखीच होते.

आता संमती नेमकी घ्यायची कशी. काउंटरवर प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे विचारायला हवेत. बिल मोबाइलवर हवं का? आणि, नवीन माल किंवा सूट आली की कळवू का? पहिल्याला हो म्हणजे दुसऱ्याला हो नव्हे. दुसऱ्या प्रश्नासाठी छोटी छापील चिठ्ठी किंवा क्यूआर कोड ठेवावा. त्यावर दुकानाचं नाव, मेसेज कशाबद्दल येतील, महिन्यातून जास्तीत जास्त किती, आणि बंद कसे करायचे, एवढंच असावं. चौकोन रिकामा असावा. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने दुकानदाराने केलेली सही. नव्या कायद्यातली संमतीची व्याख्या स्पष्ट कृतीतून दिलेली, मोकळेपणाने आणि विनाअट दिलेली संमती मागते. सूट हवी असेल तर नंबर द्याच, ही अट तिच्यात बसवणं अवघड आहे. सूचना मराठीत द्यायची सोयही त्याच कायद्यात आहे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा ग्राहकाला निवडता आली पाहिजे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. चिठ्ठ्या छापायला तेवढा वेळ पुरे.

मग वही. एक्सेलची साधी फाइल चालते, पण रकाने पक्के हवेत: नंबर, तारीख, वेळ, कुठे घेतली (काउंटर, प्रदर्शन, वेबसाइट), कोणत्या शब्दांत घेतली, कशासाठी दिली, आणि बंद केली असेल तर कधी. 'कोणत्या शब्दांत' हा रकाना जवळजवळ कुणीच ठेवत नाही. चिठ्ठीवरचा मजकूर दर एक-दोन वर्षांनी बदलतो. २०२४ च्या चिठ्ठीत फक्त 'नवीन माल' असं लिहिलं होतं आणि २०२६ मध्ये त्याच यादीला कर्जाच्या हप्त्याची योजना पाठवली, तर ती संमती तिथे लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक छापावा आणि वहीत तोच लिहावा. जुन्या चिठ्ठ्यांची एकेक प्रत फाइलमध्ये ठेवावी. वाद झाला तर संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी नंबर वापरणाऱ्यावर आहे, गिऱ्हाइकावर नाही.

नंबर खरा आहे का, हेही तिथल्या तिथे पाहावं. चिठ्ठीवरचा सातचा एक झाला की ऑफर भलत्याच्या घरी जाते, आणि त्या भलत्याने काहीही कबूल केलेलं नसतं. मिस्ड कॉल देऊन घेणं सगळ्यात सोपं: गिऱ्हाइक आपल्याच फोनवरून कॉल देतं, नंबर आपोआप बरोबर उमटतो आणि वेळेची नोंदही मिळते.

संमतीला वय असतं हे आपल्या व्यापाऱ्यांच्या पचनी पडत नाही. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वी 'हो' म्हणणाऱ्या काकूंच्या नंबरवर आज एखादा कॉलेजातला मुलगा असू शकतो. संमती माणसाने दिली होती, सिमकार्डाने नव्हे. चालू व्यवहारापुरत्या घेतलेल्या संमतीला तर २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवसांचीच मुदत दिली आहे. आणि गिऱ्हाइकाने एकदा बंद म्हटलं की ९० दिवस पुन्हा विचारायचंही नाही.

एवढं सगळं करून मेसेज लिहायला बसलं की मराठी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा लागते, आणि इथे जरा थांबायला हवं. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत ७०. मेसेज त्यापेक्षा लांबला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात, आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. शिवाय संगणकाची मोजणी आपल्या मोजणीसारखी नसते. 'ग्राहकांना' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या लेखी तो दहाचा आहे: हलन्त वेगळा, काना वेगळा, अनुस्वार वेगळा.

दुकानातला नेहमीचा मेसेज घ्या: 'आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा!' उद्गारचिन्ह धरून ही ओळ ६६ जागा खाते. सत्तरातले सहासष्ट संपले आणि दुकानाचं नाव, ऑफर, तारीख यातलं काहीच आलेलं नाही. हे सगळं पुढे जोडलं की तीन तुकडे होतातच. समजा एका तुकड्याला २० पैसे पडतात आणि यादी ८,००० ची आहे. तीन तुकड्यांचे ४,८०० रुपये झाले, त्यातला तिसरा हिस्सा निव्वळ शुभेच्छांवर.

आता हे पाहा: 'पाडवा: शनि-रवि सर्व पैठणींवर १०% सूट.' यात ३७ जागा गेल्या. पुढे 'बंद:' आणि दहा आकडी नंबर, मधल्या मोकळ्या जागा धरून १६. एकूण ५३. उरलेल्या १७ जागांत बहुतेक दुकानांचं नाव बसतं. मेसेज एका तुकड्यात मावला. हाच मजकूर संमती दिलेल्या १,५०० जणांना पाठवला तर खर्च ३०० रुपये. फोन नंबराचे आकडे मात्र इंग्रजी घालावेत, म्हणजे त्यावर बोट टेकवताच फोन लागतो. देवनागरी आकड्यांवर अनेक फोनमध्ये तसं होत नाही.

याउलट चूकही होते. इंग्रजी मेसेज वर्डमध्ये टाइप करून पोर्टलवर चिकटवला, की वर्डने आपणहून वळवलेली अवतरणचिन्हं त्यात शिरतात. तेवढ्या एका चिन्हाने अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीसाठी वापरतात त्या पद्धतीत, जातो आणि १६० ची मर्यादा ७० वर येते. रुपयाचं नवं चिन्ह घातलं तरी हेच. १५० अक्षरांच्या इंग्रजी मेसेजचं बिल तिप्पट का आलं, हे अनेकांना महिनाअखेरीलाही उमगत नाही.

मराठी मेसेज रोमन लिपीत लिहून पैसे वाचवणारेही आहेत. तसा मेसेज वाचताना पन्नाशीपुढच्या गिऱ्हाइकाला दोनदा अडखळावं लागतं, आणि पैठणीचं गिऱ्हाइक बहुधा त्याच वयाचं असतं. ज्याने मराठी चिठ्ठीवर संमती दिली त्याला देवनागरीतच लिहावं, फक्त कमी लिहावं.

नमुन्यातल्या बदलत्या जागांचंही गणित आहे. ग्राहकाचं नाव, रक्कम, तारीख अशा प्रत्येक बदलत्या जागेला ठरावीकच अक्षरं मिळतात. त्यात पूर्ण पत्ता किंवा लांब लिंक कोंबली की मेसेज अडतो. आणि नमुन्याबाहेरचं एक पूर्णविराम, एक जादा मोकळी जागा, 'सेल'ऐवजी 'महासेल', यातल्या कशानेही मेसेज जुळत नाही. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मजकूर 'जरासा' बदलायला जाऊ नये. नव्या नमुन्याच्या मंजुरीला वेळ लागतो, आणि सणाच्या तोंडावर सगळ्यांचेच नमुने रांगेत असतात. पाडव्याचा मजकूर होळीच्या आधीच मंजूर करून ठेवावा.

सेवेच्या मेसेजात जाहिरात मिसळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. 'तुमचा ब्लाउज शिवून तयार आहे' हा मेसेज गिऱ्हाइकाला हवाच असतो. त्यासाठी वेगळी परवानगी मागायची गरज नाही, व्यवहारातच ती आली. त्याच्याच शेपटाला 'नवीन सिल्कवर २०% सूट' जोडलं की तो जाहिरातीचा मेसेज होतो आणि जाहिरातीचे सगळे नियम लागू होतात. एका शेपटापायी चांगला उपयोगी मेसेजही डीएनडीच्या गाळणीत अडकतो. गिऱ्हाइकाचा ब्लाउज दुकानातच पडून राहतो, ते वेगळंच.

वेळेबद्दल फार लिहायचं कारण नाही. जाहिरातीचे मेसेज सकाळी १० ते रात्री ९ यातच जातात. ठीक दहाला पाठवू नये, कारण सगळे दहालाच पाठवतात. भाजीवाल्या ॲपचा मेसेज संध्याकाळी पाचला, चष्म्याच्या दुकानाचा शनिवारी अकराला. गिऱ्हाइक ती गोष्ट करायच्या विचारात असेल तेव्हा. महिन्याला दोनपेक्षा जास्त नकोत, हे आमचं मत. चिठ्ठीवर जो आकडा छापला तो पाळावा, हे मात्र मत नव्हे. पाठवल्यानंतर अहवालात 'सबमिट' आणि 'डिलिव्हर्ड' हे दोन वेगळे रकाने असतात. सबमिट म्हणजे मेसेज आपल्याकडून निघाला, एवढंच. निकाल डिलिव्हर्डच्या रकान्यातून वाचावा आणि त्याच्या शेजारी त्या खेपेला किती जणांनी बंद केलं ते लिहावं. एका खेपेत बंद करणारे एकदम वाढले, तर चूक मेसेजमध्ये आहे. दर खेपेला थोडेथोडे वाढत असतील, तर चूक यादीत आहे.

बंद करायची सोय हा या सगळ्यातला सगळ्यात दुबळा दुवा. परदेशी सल्ल्यांत वाचून आपल्याकडे मेसेजच्या शेवटी 'थांबवण्यासाठी स्टॉप लिहून पाठवा' असं छापतात. पण अक्षरी हेडरला उत्तर पाठवताच येत नाही. गिऱ्हाइक स्टॉप लिहितं, फोन 'पाठवता आला नाही' म्हणतो, आणि त्या क्षणी दुकानाबद्दलचं मत ठरतं. जाहिरातीच्या मेसेजात बंद करण्याचा पर्याय देणं आता बंधनकारक आहे, तेव्हा तो चालणाराच द्यावा: मिस्ड कॉलचा नंबर, किंवा एका बोटात बंद होणारी नोंदलेली लिंक. लॉगिन करा, कारण सांगा, मग सात दिवस थांबा, असली शर्यत नको. संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणं सोपं हवं, हे नव्या कायद्यातलं साधं वाक्य आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांचेही मेसेज त्यात नापास होतात. महिन्यातून एकदा मालकाने स्वतःच्या नंबरवर आपलाच मेसेज मागवून तो बंद करून पाहावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं चुकवता येतं, असा एक समज आहे. ट्रायचे हे नियम एसएमएसचे आणि कॉलचे, व्हॉट्सअ‍ॅपला ते लागू नाहीत, हे खरं. पण व्यवसायांसाठीच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींतही आधी संमती लागते, जाहिरातीचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, आणि लोकांनी ब्लॉक करायला सुरुवात केली की पाठवण्यावर बंधनं येतात. साध्या बिझनेस ॲपमधली ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची असते आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच ती पोहोचते. नकळत का होईना, ही परवानगीच झाली, आणि छोट्या दुकानाला ती पुरेशीही आहे. वाईट प्रकार ग्रुपचा. गिऱ्हाइकांना न विचारता दुकानाच्या ग्रुपमध्ये घातलं की दोनशे बायकांचे नंबर आणि फोटो एकमेकींना दिसतात, आणि त्यांच्यात कोण घुसलं आहे ते मालकालाही माहीत नसतं. नव्या कायद्याच्या नजरेतून हा प्रकार नकोशा एसएमएसपेक्षा कितीतरी गंभीर आहे. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे ग्रुपही याच जातीचे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता छोट्यांच्या तक्रारीकडे. व्यापारी म्हणतात, पोर्टल इंग्रजीत, नमुना नामंजूर झाला तर कारण एका ओळीत, तेही कळत नाही, नोंदणीचं शुल्क वेगळं, आणि मध्ये एजंट. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणूस असतो, आमच्याकडे पुतण्या असतो. हे खरं आहे, आणि त्याचा परिणामही दिसतो. दुकानदार नोंदणीच्या नादी न लागता साध्या दहा आकडी सिमवरून मेसेज सोडतो. तिथे तर तो आणखी अडचणीत येतो. २०२५ च्या दुरुस्तीनंतर ग्राहकाला तक्रारीसाठी सात दिवस आहेत, दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की अशा नंबरावर कारवाई सुरू होऊ शकते, आणि तक्रार करणाऱ्याने डीएनडीत नाव घातलेलं असायलाच हवं असंही नाही. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर अनोंदणीकृत जाहिरात कॉल करणाऱ्यांची कनेक्शनं तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं. ज्या नंबरवर पुरवठादारांचे फोन येतात तोच नंबर गेला, तर धंदा बसतो.

पण यावरचा उपाय संमतीची अट सैल करणं हा नाही. नोंदणी सोपी करावी: पोर्टल मराठीत असावं, नामंजुरीचं कारण वाक्यात लिहिलेलं असावं, छोट्या व्यवसायांसाठी 'माल तयार आहे', 'सूट सुरू आहे' असे दहा-बारा तयार नमुने ऑपरेटरांनीच मंजूर करून ठेवावेत. व्यापारी संघांनी सभासदांसाठी चिठ्ठीचा एक सामायिक मसुदा छापून घेतला, तरी अर्धं काम होतं. संमती विचारायला मात्र पैसे लागत नाहीत, पोर्टल लागत नाही, इंग्रजी लागत नाही. वीस माणसांचं दुकान असो की दोन माणसांचं, गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारायला तेवढाच वेळ लागतो. उलट छोट्या दुकानदाराला गिऱ्हाइक नावाने माहीत असतं, त्यामुळे बँकेला जे जमत नाही ते त्याला सहज जमतं.

अवघड जातं ते जुनी यादी सोडणं. आठ हजार नंबर वर्षानुवर्षं गोळा केलेले असतात, मालकाला ती मालमत्ता वाटते, आणि संमती असलेले काढले तर हजार-दीड हजारच उरतील ही भीती असते. ती भीती खरी ठरते. पण त्या आठ हजारांतल्या डीएनडीतल्या नंबरांवर जाहिरात पोहोचतच नव्हती, काही नंबर भलत्यांकडे गेले होते, काही तर दहा शून्यंच होते. जुन्या यादीला संमती मागणारा सरसकट मेसेज पाठवू नये, तीही जाहिरातच ठरते. गिऱ्हाइक पुन्हा दुकानात येईल तेव्हा काउंटरवर विचारावं, हो म्हणालं तर नव्या वहीत घ्यावं. दोन वर्षांत जे आलंच नाही त्याचा नंबर पुसावा. बिलाच्या हिशेबासाठी लागणारी नोंद वेगळी ठेवावी आणि मेसेज पाठवणाऱ्या मुलाच्या हाती ती फाइल देऊ नये.

आणि बिलिंगच्या मॉनिटरशेजारी, गिऱ्हाइकाला दिसेल असा एक कागद चिकटवावा: 'बिलासाठी मोबाइल नंबर देणं ऐच्छिक आहे. नंबर दिलात तर त्यावर फक्त बिल येईल. सूट किंवा नव्या मालाची माहिती हवी असल्यास वेगळी चिठ्ठी भरा. नको झाल्यास खालील नंबरवर मिस्ड कॉल द्या.'